खेळातलं तिला काय कळतं

वलगावच्या चौकात गाडी वळली आणि मला सगळ्यात आधी दिसलो तो मीच. निळी जर्सी, मांडीवर थाप मारलेली, तोंड उघडं, सात-आठ फूट उंच. खाली लिहिलं होतं ‘आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू’, मग लाल ठळक अक्षरांत माझं नाव, आणि त्याखाली ‘यांच्या मोठ्या आईंचे दुःखद निधन, भावपूर्ण आदरांजली’. बाजूला आदरांजली वाहणाऱ्यांची मुंडकी ओळीनं लावलेली, त्यातल्या एकानं गॉगल घातलेला. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, पापडाएवढ्या गोलात, ती. आधार कार्डावरचा फोटो.

तिचं नाव कुठेच नव्हतं. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरलो आणि दोनदा शोधलं. इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, माझंही नाही. पण मरण तिचं होतं, फ्लेक्स तिच्या मरणाचा होता. ज्या कुणी तो मजकूर लिहिला त्याला एकदाही वाटलं नाही की गेलेल्या बाईला नाव असतं. शिवाय मी आंतरराष्ट्रीय नाही. भारताच्या शिबिरापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा बॅग उचलून परत आलो. हे सगळ्या गावाला माहीत आहे. मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवरही यांना थाप मारल्याशिवाय राहवत नाही.

मी फ्लेक्सच्या दोरीला हात घातला. नागपूरहून ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर मागून म्हणाला, “साहब, पहले घर चलो. ये तो कल भी यहीं रहेगा.” तो बिचारा परका माणूस, पण त्या दिवशी मला भेटलेला पहिला शहाणा तोच.

ती सकाळी सहाला गेली होती, अकोल्यात, लेकीच्या घरी. गॅसवर चहा ठेवला, पाटावर बसली आणि बसल्या जागी गेली. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. ताईचा, म्हणजे तिच्या लेकीचा, फोन आला तेव्हा मी हैदराबादला संघाच्या हॉटेलात घोट्याला पट्टी बांधत होतो. विमानानं नागपूर, तिथून गाडी. तोवर ताईनं तिला शववाहिकेतून वलगावला आणलं होतं. माझ्यासाठी सगळे दुपारी चारपर्यंत थांबले, आणि तेवढ्या वेळात गावच्या कबड्डी मंडळाच्या लोकांनी अमरावतीला जाऊन फ्लेक्स छापून आणला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रिकामा वेळ होता, वापरला.

मी तिला मोठी माय म्हणायचो. माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. बाप कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. त्याच्याबद्दल मी लिहीत बसणार नाही, तेवढी त्याची लायकी नाही. मोठे बाबा रेल्वेत गँगमन होते, बडनेऱ्याला. घरी आले की रेडिओ आणि झोप. ते गेले तेव्हा मी बारावीत होतो. म्हणजे मला वाढवलं ते तिनंच, अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवून, पोरांची नाकं पुसून. स्वतःची एक मुलगी आणि वर हा मी.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. बाईनं दिराच्या पोराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, ही गोष्ट लोकांना आवडते, ती सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. ज्याच्यासाठी मी लिहायला बसलोय ते वेगळं आहे आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

मला कबड्डी तिनं शिकवली.

घरी प्रोत्साहन दिलं, दूध प्यायला लावलं, असल्या अर्थानं मी म्हणत नाही. शिकवली म्हणजे शिकवली. लग्नाआधी ती चांदूर रेल्वेची. तिथल्या शाळेच्या मुलींच्या संघात ती कोपरा सांभाळायची, म्हणजे चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरून तिला खाली आणायची. चड्डी घालायला घरून बंदी, म्हणून कुडता-पायजमा घालून खेळायची. संघ जिल्ह्यापर्यंत गेला होता. सतरा वर्षांची झाली, लग्न झालं, वलगावला आली आणि खेळ संपला. कुणी अडवलं असंही नाही. वलगावात तेव्हा बाया खेळतच नव्हत्या, तर अडवायचं कुणी आणि कशाला.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मी अंगणात एकटाच कबड्डी कबड्डी करत भिंतीला हात लावून परत यायचो. एकदा ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “भिंत काय तुले पकडाले येते का रे?” मग चुलीतली राख घेऊन आली आणि अंगणात रेषा ओढल्या. मधली, पलीकडची बोनसची, बाजूच्या. हातानं मापत होती, पावलं टाकत होती, आणि एकही रेषा तिनं पुसून पुन्हा काढली नाही. पदर कमरेला खोचून कोपऱ्यात वाकून उभी राहिली आणि म्हणाली, “ये.”

मी गेलो. माझा घोटा कधी तिच्या हातात गेला ते कळलंच नाही. तोंडावर पडलो, दात ओठात घुसला. रडायला लागलो तर म्हणे, “कुठं पाहून राहिला होता?”

“तुह्याकडं.”

“माह्याकडं म्हणजे कुठं? डोयाकडं ना? डोये नको पाहू. डोये खोटं बोलते. टाच पाह्य. मानूस झेपावाच्या आधी टाच उचलते. उचललीच पायजे, त्याशिवाय त्याले झेपावताच येत नाई. टाच उचलली का तू निंघाचं.”

ही एवढीच विद्या. मी आज एकतीस वर्षांचा आहे, बारा वर्षं पोटासाठी हा खेळ खेळतोय, परदेशी ट्रेनर बघितले, लॅपटॉपवर प्रत्येक बचावपटूचे कोन काढून दाखवणारे विश्लेषक बघितले. टाचेइतकं कामाचं मला कुणी काही दिलं नाही. टीव्हीवरचे लोक म्हणतात की याला बचावपटू येण्याच्या आधी कळतं, याच्याकडे सहावं इंद्रिय आहे. डोंबलाचं इंद्रिय. मी खाली बघतो, बस.

दमसुद्धा तिनंच वाढवला. संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी करायची आणि मी समोर उभा राहून कबड्डी कबड्डी म्हणायचं. भाकर तव्यावर पडली की सुरू, पहिली बाजू भाजून उलटली की थांबायचं. मध्ये श्वास तुटला तर ती मान वर न करता म्हणायची, “तुटला. दुसरी टाकतो, पुन्ना घे.” पुढे लीगमध्ये चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं, तेव्हा बाकीचे घाबरायचे. मला ते भाकरीच्या एका बाजूएवढं वाटायचं.

चौदाव्या वर्षी मी मंडळाच्या मैदानावर जायला लागलो. आता तिथले जे अध्यक्ष आहेत तेच तेव्हा पोरांना शिकवायचे. त्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. बूट दिले, अमरावतीच्या स्पर्धांना नेलं, फॉर्म भरले, दोनदा स्वतःच्या मोटारसायकलवर अकोल्याला घेऊन गेले. पण मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तयार होऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या पाच पोरांना हात लावून परत आलो आणि ते म्हणाले, “उपजत हाय पोट्टं.” उपजत! सहा वर्षं राखेत लोळून, ओठ फोडून घेऊन आलो आणि हा माणूस म्हणे उपजत. मी काही बोललो नाही. तेव्हा बोललो नाही आणि मग सवयच लागली.

आता घरची गोष्ट. हे सोडून पुढे गेलो असतो तर बरं झालं असतं.

मी सोळा वर्षांचा असताना मंडळाची मोठी स्पर्धा होती. मोठी माय बघायला आली. बायका मैदानाच्या एका टोकाला, बाभळीखाली बसायच्या. ही तिथे बसली नाही, सरळ रेषेपाशी येऊन उभी राहिली. माझ्या तिसऱ्या चढाईला डावा कोपरा झेपावायच्या बेतात होता आणि ही मागून ओरडली, “टाच पाह्य, पोट्ट्या! टाच!” सगळं मैदान हसलं. समोरचा संघ हसला, आमचा संघ हसला. अध्यक्ष शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, “वहिनी, घरी भाकरी पाहा, इकडं आमी पाहून राहिलो ना.” पुन्हा हशा. पुढे महिनाभर मी चढाईला निघालो की कुणी ना कुणी बायकी आवाजात “टाच, टाच” करायचं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन म्हणालो, “तू मैदानावर येत नको जाऊ.”

“काहून?”

“पोट्टे हासते.”

ती वांगी चिरत होती. तिनं चिरायचं थांबवलं नाही. “नाई येत,” एवढं म्हणाली, आणि खरंच पुन्हा कधी आली नाही. वलगावात नाही, अमरावतीत नाही, अकोल्यात लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवर सामना होता तेव्हाही नाही. लीगमध्ये गेल्यावर मी एकदा तिला पुण्याला चल म्हणालो. ती म्हणाली, “मले त्या गर्दीत सुदरत नाई.” मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला माझा राग येतो, पण हा राग स्वस्त आहे. ती असताना आला असता तर उपयोगाचा होता.

तर त्या दिवशी घरी पोचलो. अंगणात मांडव घातलेला, खाली ती. पांढरं लुगडं, पायाशी पांढरी फुलं. पांढऱ्या साड्या नेसून बाया बसलेल्या. ताई उशाशी होती. मी खाली बसलो आणि तिच्या तळव्यावर डोकं टेकवलं. रडू येत होतं तेवढ्यात खांद्यावर हात. मी वर बघितलं. कुणी तरी माणूस, अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

“भाऊ, एक फोटो.”

मी पुन्हा तिच्या तळव्यावर डोकं टेकवलं.

“हासू नका, साधाच काढू,” तो म्हणाला. म्हणजे त्याच्या मते माझी अडचण हसण्याची होती. ताईनं माझं मनगट धरलं नसतं तर त्या माणसाला मी तिथेच आडवा केला असता. “मायले उचलू दे आधी,” ती दातांत म्हणाली, “मंग काय कराचं ते कर.”

भंतेजींनी त्रिसरण, पंचशील घेतलं. आम्ही तिला उचललं. मी पुढे उजव्या बाजूला होतो. लोक खूप होते, हजारभर सहज असतील, आणि मला माहीत होतं की तिच्यासाठी त्यातले पन्नास आले असतील. अंगणवाडीच्या बाया, शेजारी, तिनं ज्यांची नाकं पुसली ती आता मिशा फुटलेली पोरं. बाकीचे मला बघायला.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. तिथेच, चिता पेटलेली असताना, शोकसभा होते. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. मसणवटीत सिमेंटच्या बाकांसमोर माईक लागतो, एक सूत्रसंचालक उभा राहतो आणि ओळखीचे, नात्याचे, पक्षाचे, मंडळाचे, सगळे दोन-दोन मिनिटं बोलतात. मला या रिवाजाचा राग नाही. गरीब माणूस जन्मभर कुणाच्या भाषणात येत नाही, निदान गेल्यावर तरी त्याचं नाव माईकवर घेतलं जातं. चांगल्या माणसाच्या शोकसभेत मी रडलेलो आहे. म्हणूनच त्या दिवशी मी वाट बघत होतो. म्हटलं, फ्लेक्सवर नाही तर नाही, इथे तरी कुणी तिचं बोलेल.

पाच जण बोलले. पहिल्यानं माझ्या गेल्या मोसमातले गुण सांगितले. दुसऱ्यानं वलगावात क्रीडासंकुल व्हावं अशी मागणी केली, तिची चिता मागे तडतडत होती. तिसरा म्हणाला, धन्य ती माऊली. चौथ्यानं माझ्या नावाची घोषणा देता देता जीभ चावली. मग अध्यक्ष उठले. त्यांचे केस आता पांढरे झालेत, आवाज तसाच खणखणीत. म्हणाले, “या माऊलीनं दिराच्या लेकराले घास भरवला, त्याचे कपडे धुतले. खेळ आमी शिकवला, पन पोट तिनं भरलं. खेळातलं तिले काई समजत नवतं, तरी तिनं त्याले कधी अडवलं नाई. हेच तिचं मोठेपन.”

एकानं टाळी वाजवली. शेजारच्यानं त्याचा हात धरला.

मी कधी उठलो मला आठवत नाही. माईक मी हिसकावला की त्यांनी दिला, तेही नाही. एवढं आठवतं की माझा आवाज त्या स्पीकरमधून इतका मोठा आला की मीच दचकलो.

“तिले समजत नवतं?” मी म्हणालो. “मले खेळ तिनं शिकवला. ऐका. तुमी नाई, मंडळानं नाई, तिनं. अंगनात राख टाकून रेषा वढल्या तिनं. माहा घोटा पकडून मले पाडलं तिनं. थे सोता खेळाडू होती, चांदूरची. मी जे काई खेळतो थे सारं तिचं हाये.”

सगळे शांत झाले. मला वाटलं, पोचलं. मग मी समोर बघितलं. बाया डोळ्याला पदर लावत होत्या, माणसं मान हलवत होती. ती मान मी ओळखतो. सामना जिंकल्यावर मी माईकवर ‘ही माझ्या गावाची कमाई आहे’ म्हणतो, तेव्हा लोक अशीच मान हलवतात. पोरगं मायेपोटी बोलतंय. अध्यक्ष पुढे आले, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माईक हलकेच माझ्या हातातून काढून घेतला. “खरं हाय,” ते लोकांना म्हणाले, “आई हेच पयली गुरू असते.”

“गुरू नाई!” मी ओरडलो. “कोच! कोच होती ते माही! टाच पाहाले तिनं शिकवलं. तुमाले आठवते, तुमी हासले होते तिच्यावर. भाकरी पाहा म्हणले होते तुमी तिले!”

त्यांना आठवत नव्हतं. ते नाटक करत नव्हते, ते मला चेहऱ्यावरून दिसलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी संध्याकाळ त्या माणसाच्या लेखी एक साधा दिवस होता. दोघं-तिघं मला धरून बाकावर घेऊन आले. कुणी तरी पाण्याची बाटली दिली. सूत्रसंचालक म्हणाला, भाऊ भावनाविवश झाले आहेत, आपण समजू शकतो, आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. सगळे स्तब्ध उभे राहिले. मी बसून राहिलो.

मागच्या बाजूला बायांमध्ये एक म्हातारी उभी होती, उंच, खांदे रुंद. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. चांदूर रेल्वेहून बसनं आली होती. म्हणाली, “मी उजवा कोपरा होती. तुही मोठी माय डावा.” तिला कुणी माईक दिला नव्हता आणि तिनं मागितलाही नव्हता. मी तिला म्हणालो, मावशी, चला, आत्ता सांगा सगळ्यांना. तिनं चितेकडे बघितलं आणि म्हणाली, “कोनाले सांगाचं? गेले ना सारे चहाले.” खरंच गेले होते.

मी निघताना अध्यक्ष फाटकापाशी थांबलेले दिसले. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “तुमी खोटं बोलले,” मी म्हणालो.

त्यांना लागलं. आजवर मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवत राहिले, मग स्क्रीन माझ्यापुढे धरला. माझी चार वर्षांपूर्वीची मुलाखत होती. लीगमधलं माझं पहिलं चांगलं वर्ष. केस रंगवलेले, जर्सीवर जाहिराती. मुलाखत घेणारी विचारते, हा खेळ तुम्ही कुणाकडून शिकलात? आणि मी हसत, शुद्ध मराठीत, एकही वऱ्हाडी शब्द न येऊ देता सांगतो: “आमच्या घरात खेळातलं कुणालाच काही कळत नव्हतं. मी जे शिकलो ते मैदानावर.”

“माह्या मनचं नाई बोललो मी,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्याच तोंडचं हाये.” मग चष्मा काढला आणि गेले.

ती मुलाखत मी विसरलो नव्हतो. विसरलो असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. तेव्हा ते वाक्य बोलताना मला माहीत होतं की मी काय करतोय. समोर कॅमेरा होता, बाजूला संघातले दोघं बसले होते, आणि मला एकदम ते सगळं मैदान हसताना ऐकू आलं. सत्तावीस वर्षांचा घोडा, तरी ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी राख नदीत सोडली आणि मी ताईबरोबर अकोल्याला गेलो, मोठ्या मायचे कपडे आणि औषधं आवरायला. ताई सिव्हिल लाइन्सच्या मागे राहते, दोन खोल्या आणि एक मोठं स्वयंपाकघर. मोठी माय शेवटचं वर्ष तिथेच होती. ताई दुपारचा स्वयंपाक करत होती आणि मी ओट्याला टेकून बोलत होतो. म्हणजे शिव्या देत होतो. अध्यक्षांना, मंडळाला, फ्लेक्सवाल्याला, त्या फोटोवाल्याला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडळाचा एकही माणूस पाऊल ठेवणार नाही, मी उंबऱ्यावर उभा राहीन, वगैरे. मी म्हणालो, तिचं सारं श्रेय त्या माणसानं खाल्लं, तिला हयातीत कुणी एकदा विचारायला तरी यायचं.

“आले होते,” ताई म्हणाली.

“कोन?”

“पत्रकार. मागच्या दिवायीच्या आधी. इथंच आला होता, अकोल्यातलाच पोट्टा. त्याले कुठून तरी चांदूरचं समजलं होतं. शाळेचा जुना फोटो होता त्याच्याजवय, माय हाये त्याच्यात, दुसऱ्या रांगीत. त्यानं सरळ विचारलं, आजी, तुमी खेळत होत्या म्हणते, तं तुमीच शिकवलं का त्याले?”

म्हटलं, म्हणजे कुठे तरी छापलेलं आहे. कुठे तरी तिच्या तोंडून आहे. “मंग?” मी म्हणालो. “सांगतलं तिनं?”

ताईनं गॅस बारीक केला. माझ्याकडे न बघता बोलत होती.

“त्याले बस म्हणली आनं आत आली, इथं, तू उभा हायेस तिथं. मले म्हणे, आपल्या पोट्ट्यानं काय सांगतलं होतं ते लाव बरं मोबाईलवर. मी तुहा व्हिडिओ लावला. अजून एकडाव लाव म्हणे. ओठ हालवून पाठ करून राहिली होती. मंग बाहेर गेली आनं त्याले सांगतलं, आमच्या घरात खेळातलं कोनालेच काई समजत नवतं बापा, तो मैदानावर शिकला. फोटोतली मी नाई म्हणे. थे दुसरी कोनी.”

मी ओट्यापासून बाजूला झालो.

“तो गेला आनं माय आत आली,” ताई म्हणाली. “मले विचारते, ‘बरोबर जुयलं ना त्याच्या बोलन्याशी?’ मी म्हणलं, हो माय, जुयलं.”